सहा वाजताचं घर

सत्यशीला बारा वर्षांची असताना तिचा बाप मल्हारी एका संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरला टीव्ही बांधून घरी आला. टीव्ही काळापांढरा होता, जुना, एका कोपऱ्याचं लाकूड उचकटलेलं. मल्हारी बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात मजूर होता. तुरीच्या वाफ्यांना पाणी द्यायचं, पाखरं हाकलायची, शेंगा वाणावाणाप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत भरायच्या, ही त्याची कामं. तिथल्या एका साहेबांची बदली झाली आणि सामान आवरताना ते म्हणाले, "मल्हारी, हा नेतोस का?" मल्हारीनं त्यांना दुसऱ्यांदा विचारायची वेळ येऊ दिली नाही.

सत्यशीलाच्या आईनं, आसराबाईनं, टीव्हीला हळदकुंकू लावलं. गल्लीतल्या केबलवाल्या भिवानं शेजारच्या कांताबाईच्या घरावरून वायर ओढून दिली. सन अठ्ठ्याण्णव असेल ते. केबलवर कुठल्याशा वाहिनीला रोज सहा वाजता एक विलायती मालिका लागायची, हिंदीत बोलणारी. तिचं नाव गल्लीत कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सगळे तिला 'सहाची शिरेल' म्हणायचे.

त्या मालिकेत अमेरिकेतलं एक काळ्या लोकांचं कुटुंब होतं. बाप पोस्टात, आई दवाखान्यात नर्स, तीन पोरं, आणि माडीवर राहणारी आजी, जी कुणाचंही ऐकून घ्यायची नाही. घडायचं फार काही नाही. थोरल्या पोरीला गाण्याच्या स्पर्धेत जायचं असायचं आणि बापाच्या मनात नसायचं. मधला पोरगा शेजाऱ्याची काच फोडायचा आणि तीन दिवस लपवायचा. आजी पोस्टातल्या बापालाच शाळकरी पोरासारखं फैलावर घ्यायची. अर्ध्या तासात भांडण व्हायचं, रडणं व्हायचं, आणि शेवटी सगळे हसायचे.

पहिल्या दिवशी आसराबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "आगं बया, हे तर आपल्यावानी काळे."

मल्हारी तंबाखू मळता मळता थांबला. "आपल्याहून काळे," तो म्हणाला. "अन् घर पाहा त्यांचं."

मल्हारीचं घराणं धनगराचं. त्याचा बाप मेंढरं घेऊन पूर्णेच्या काठापर्यंत चालत जायचा, सहा सहा महिने उघड्यावर काढायचा. मेंढरं गेली, एका गावात पाय टेकले, मल्हारी रोजगारावर लागला. पण घराण्याचा रंग तेवढा राहिला. सत्यशीलाला तो पुरता आला होता. शाळेत पोरं तिला 'डांबर' म्हणायची. वर्गाचा फोटो काढायचा असला की ती आपणहून मागच्या रांगेत, एखाद्या उंच पोरीच्या आड जायची. कुणाला सांगावं लागत नसे.

आणि सहा वाजता ती थोरली पोरगी टीव्हीवर यायची. सत्यशीलाएवढीच काळी. जिन्यावरून दाणदाण उतरायची, आरशापुढे उभी राहून केस वर बांधायची, वळून स्वतःलाच हसायची. रंगावरून तिला कुणी काही म्हणत नसे. सत्यशीला वाट बघायची, आज म्हणतील, उद्या म्हणतील. महिना गेला, दोन महिने गेले, कुणी म्हटलंच नाही.

सगळ्यात जास्त तिला त्या घरातली आई आवडायची. दवाखान्यातून दमून आली तरी तिच्या कानात मोठे डूल असायचे आणि चेहरा आतून दिवा लावल्यासारखा दिसायचा. पण घरचा टीव्ही काळापांढरा. तिनं आज कुठल्या रंगाचे कपडे घातलेत, ओठाला काय लावलंय, कळायचं नाही. मंग सत्यशीलानं एक खेळ सुरू केला. ती मनाशी रंग ठरवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कांताबाईच्या ओट्यावर जाऊन विचारायची. कांताबाईकडे रंगीत टीव्ही होता.

"काकू, काल आईचा कोणता रंग होता?"

"मोरपंखी."

"अन् ओठ?"

"आगं, मी काय तिचे ओठ पाहत बसते का? जांभळट होतं काहीतरी. जांभूळ खाल्ल्यावानी."

सत्यशीलाचा अंदाज चुकायचा, मंग हळूहळू कमी चुकायला लागला. मोरपंखी, विटकरी, हळदीचा पिवळा, वांग्याच्या सालीचा जांभळा. फिकट गुलाबी ती बाई कधी घालत नसे. हे तिनं तेव्हाच हेरून ठेवलं.

मल्हारीनं त्या मालिकेतून दुसरंच उचललं. त्याचं हिंदी जेमतेम, बाजारापुरतं. पण तो टक लावून बघायचा. त्या घरात जेवायला सगळे एकदम बसायचे. बाप, आई, आजी, पोरं, एकाच टेबलाभोवती. घास घेण्याआधी सगळे माना खाली घालायचे, कुणीतरी एक जण सावकाश काहीतरी बोलायचा, बाकीचे ऐकायचे, आणि मंगच जेवण सुरू व्हायचं.

एके दिवशी ताटं वाढल्यावर मल्हारी बायकोला म्हणाला, "तू बी बस."

आसराबाईला कळलंच नाही. लग्न झाल्यापासून ती सगळ्यांच्या मागून, चुलीपाशी, परातीत उरलेलं खात आली होती. "अन् भाकरी कोण टाकील?"

"आधी टाकून घे. गार झाली तर गार खाऊ."

"लोक हासतील."

"लोक आपल्या घरात जेवतेत का?"

ती बसली, पण अंग चोरून, पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखी. मंग मल्हारीनं दुसरा नियम सांगितला. घास घेण्याआधी एकेकानं सांगायचं, आज काय झालं, काय पाहिलं. बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही. "त्यांच्यात आसंच करतेत," तो टीव्हीकडे हात करून म्हणाला.

पहिले आठ दिवस धाकट्या भावाला, भारतला, नुसतं हसू यायचं. आसराबाई म्हणायची, "मी काय सांगू? चूल पेटवली, चूल इझवली." पण मल्हारी नेटानं थांबून राहायचा, भाकरी हातात धरून. मंग एकदा ती बोलली. विहिरीवर एक बाई भेटली होती, माहेरच्या गावाची, तिनं आसराबाईच्या लहानपणीचं एक गाणं म्हणून दाखवलं. ते गाणं तिनं तिथंच, ताटावर बसून म्हटलं. सत्यशीलानं आईला गाताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

सत्यशीला जेवणाआधी जे सांगायची, ते बहुतेक शाळेतलं. एकदा 'डांबर'चंही सांगितलं. मल्हारीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "डांबरावरून गाड्या चालतेत, माय. रोज तुडवलं म्हणून रस्ते थांबतेत का?" ते उत्तर काही तिला पटलं नाही. पण सांगून झालं होतं, आणि घरातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. त्या रात्री तिला बरी झोप लागली.

दोन वर्षांनी ती मालिका बंद झाली. जेवणाची रीत मात्र राहिली.

सत्यशीला बारावी झाली आणि घरात पाहुणे यायला लागले. पहिले आले, पोहे खाऊन गेले, निरोप आला नाही. दुसऱ्यांनी निरोप धाडला, पोरगी चांगली आहे पण पत्रिका जमत नाही. पत्रिका कुणी मागितलीच नव्हती. तिसऱ्यांच्यातल्या एका बाईनं तर बैठकीतच मध्यस्थाला विचारलं, "तुमी सावळी म्हनले होते. ही तर काळी हाय."

सत्यशीला हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मल्हारीनं उठून तो ट्रे तिच्या हातून घेतला आणि स्वतः पाहुण्यांपुढे धरला.

"चहा घ्या, गार होऊन राह्यला," तो अगदी शांतपणे म्हणाला. "पोरीला माझा रंग आलाय. तिचं रंगाचं काई बोलायचं आसंल तर माझ्याशी बोला, ती आत जाती."

पाहुणे गेल्यावर त्यानं लेकीला विचारलं, "तुला काय शिकायचं?" आणि सत्यशीलानं, इतकी वर्षं मनात घोळवलेलं असावं तसं, लगेच सांगितलं, "पार्लर."

मल्हारीला वाटलं होतं ती नर्सिंग म्हणेल. पण विचारलंय म्हटल्यावर ऐकायला पाहिजे, ही त्याची सवय झाली होती.

जालन्याला द्वारकाबाई म्हणून एक मॅडम घरीच पार्लरचा कोर्स घ्यायच्या. सत्यशीला सकाळच्या गाडीनं जालन्याला जायची, दुपारी परत यायची. द्वारकाबाईंचा हात सफाईदार होता, शिकवायच्याही मन लावून. पण त्यांचा एक नियम ठरलेला: नवरीच्या रंगाहून दोन शेड उजळ बेस, म्हणजे चेहऱ्याचा पहिला थर, लावायचा. सावळ्या पोरीला तीन शेड. "नवरी उजळ दिसली पाहिजे, नाही तर पैसे कशाचे घेतले म्हणतील," त्या म्हणायच्या. काळ्या चेहऱ्यावरचं काम शिकवायचं असलं की त्या सत्यशीलालाच खुर्चीत बसवायच्या. पोरी पाळीपाळीनं तिच्या तोंडावर थर चढवायच्या. आरशात बघितलं की सत्यशीलाला राख फासल्यासारखं वाटायचं. मान एका रंगाची, तोंड एका रंगाचं, आणि मधे कानाखाली एक रेघ.

एकदा उशीर झाला म्हणून ती तशीच स्टेशनवर आली. फलाटावर एक लहान पोरगी तिच्याकडे बघून रडायला लागली. सत्यशीलानं नळाखाली तोंड घातलं आणि खसाखसा धुतलं. धुताना तिला कांताबाईच्या ओट्यावरची सकाळ आठवली. त्या नर्स बाईचा चेहरा कुणी पांढरा केला नव्हता. मंग तो उजळायचा कशानं?

त्या प्रश्नाच्या मागे ती दोन वर्षं होती. जालन्याच्या दुकानात तिनं तिच्या रंगाचा बेस मागितला तेव्हा दुकानदार हसला. "ताई, काळं व्हायला कोण पैसे देतं?" म्हणून तिनं घरीच खटपट सुरू केली. दुकानात मिळायचा तो बेस घ्यायचा आणि त्यात डोळ्यांना लावायची तपकिरी पूड थोडी थोडी मिसळायची. कधी विटकरी, कधी चिमूटभर पिवळसर. मनगटावर लावायचं, उन्हात जाऊन बघायचं. आसराबाईच्या गालावर लावायचं, भारतच्या कपाळावर लावायचं. हळूहळू तिला उमगलं की काळ्या चेहऱ्यात आधीच लाल असतो, पिवळा असतो, कुणाच्यात निळसर झाक असते. तो आतला रंग वर आणायचा. पांढरं घातलं की तोच मरतो. आणि ओठाला फिकट गुलाबी नाही. जांभूळ, नाही तर मिरचीचा गडद लाल.

याच दिवसांत तिचं लग्न जमलं. गोरक्षनाथ जाफराबादच्या बाजूचा, पण बदनापुरात राहून काळी-पिवळी जीप चालवायचा. तो मामाला घेऊन आला. मल्हारी आता सावध झाला होता, त्यानं चहाच्या आधीच विचारलं, "पोरीचा रंग पाह्यला का? न्हाई तर मागून बोलाल."

"पाह्यला," गोरक्षनाथ म्हणाला. "रोज सकाळी स्टेशनवर जाताना पाहतो. भर उन्हात पाह्यलाय."

आत सत्यशीलाला हसू आवरलं नाही. लग्नात तिनं स्वतःचा मेकअप स्वतः केला. वऱ्हाडातल्या बायका म्हणाल्या, नवरीनं काही लावलंच नाही वाटतं. पण दर दोन मिनिटांनी वळून बघतही होत्या.

लग्नानंतर तिनं बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली आणि पार्लर टाकलं. सुरुवातीला भुवया, केस, मेंदी. नवऱ्या कमी यायच्या. यायच्या त्या उजळ करून मागायच्या. सत्यशीला सगळ्यांना एकदा विचारायची, "तुमच्याच रंगात करून दाखवू का?" दहातल्या आठ जणी नको म्हणायच्या. मंग ती त्यांना पाहिजे तसं करून द्यायची. पोट होतं, पोरगी झाली होती, प्रांजली. पण अशा दिवशी घरी आली की जेवणाआधी तिच्या पाळीला ती म्हणायची, "आज एक पोरगी पांढरी करून आले," आणि भाकरी मोडायला घ्यायची.

आसराबाई गेली, भारत पुण्याला कंपनीत लागला, आणि मल्हारी लेकीकडे राहायला आला. मंग टाळेबंदी लागली. पार्लर बंद, जीप बंद. चौघं दिवसभर घरात. प्रांजली तेव्हा अकरा वर्षांची. एका दुपारी सत्यशीलानं तिला सहाच्या शिरेलचं सगळं सांगितलं आणि पोरीनं फोनवर शोधता शोधता ती काढलीच. जुने भाग होते, पण मूळ इंग्रजीतले.

मल्हारीनं फोन हातात घेतला, चष्मा पुसला. तोच जिना, तीच आजी. पोस्टातला बाप तोंड उघडून बोलला आणि मल्हारी दचकला.

"ह्यो त्याचा आवाज न्हाई."

"आबा, हाच खरा आवाज. हिंदीतला दुसऱ्यानं दिलेला होता," प्रांजलीनं सांगितलं.

"न्हाई," मल्हारी म्हणाला. "त्याचा आवाज मला म्हाईत हाय."

पण बघत राहिले. प्रांजलीला इंग्रजी थोडंफार कळायचं, खाली अक्षरंही यायची. ती वाचून सांगायची. तिसऱ्या का चौथ्या भागात जेवणाचं टेबल आलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि बाप सावकाश बोलायला लागला.

"हे बघ, आता दिवसभराचं सांगतेत," मल्हारी म्हणाला.

प्रांजलीनं अक्षरं वाचली, परत मागे नेऊन वाचली. "आबा, ते दिवसभराचं नाही सांगत. देवाची प्रार्थना म्हणतायत. अन्न दिलं म्हणून."

सत्यशीलानं आणखी पाच-सहा भाग लावायला सांगितले. सगळीकडे तेच. त्या घरात आज काय पाहिलं म्हणून जेवणाआधी कुणी कुणाला कधीच विचारत नव्हतं. बावीस वर्षं त्यांच्या घरात चालत आलेली रीत त्या घराची नव्हतीच.

सत्यशीलानं बापाकडे बघितलं. तिला वाटलं, त्याला ओशाळं वाटत असेल. मल्हारी गालातल्या गालात हसत होता.

"मला कुठं हिंदी येत होतं तवा? एक जण बोलून राह्यला, बाकीचे गप ऐकून राह्यले. मला वाटलं, घरचंच बोलत आसतील." मंग म्हणाला, "देवाचं नाव घेत होते का? तेबी बराबरच हाय."

त्याच दिवसांत फोनवर दुसऱ्याही गोष्टी दिसत होत्या. अमेरिकेतल्या रस्त्यांवर काळ्या माणसांची गर्दी, हातात फलक. प्रांजलीनं सांगितलं की तिकडेही रंगावरून माणसाला फार भोगावं लागतं, पिढ्यान् पिढ्या. सत्यशीलाला हे ठाऊकच नव्हतं. ती इतकी वर्षं धरून चालली होती की जगात एक देश असा आहे, जिथं काळ्या पोरी जिन्यावरून बिनघोर उतरतात.

"मंग ते हासत कसे होते?" तिनं विचारलं.

"घरात हासत होते," मल्हारी म्हणाला. "भाईर काय होतं, ते आपल्याला कुठं दाखवलं?"

हे वाक्य सत्यशीलाच्या मनात रुतून बसलं. टाळेबंदी उठल्यावर तिनं पार्लर उघडलं तेव्हा दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक, गडद शेडचे बेस आता फोनवरून मागवता येत होते. दुसरी, 'तुमच्याच रंगात करू का' असं ती आता विचारत नसे. लग्नाआधीच्या ट्रायलच्या दिवशी ती नवरीचा अर्धा चेहरा पांढऱ्या बेसनं करायची, अर्धा तिच्या रंगात, आणि आरसा हातात देऊन बाहेर जायची. पोरीनं एकटीनं बघावं म्हणून.

दोन वर्षांमागं उन्हाळ्यात जाफराबादजवळच्या एका गावाहून सगुणाबाई आपल्या लेकीला घेऊन आली. मोठं शेत असलेलं, गावात वजन असलेलं घर. लेक शालू, नर्सिंग झालेली, शांत, काळीभोर. सगुणाबाई बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, आशी करा की वळखू येऊ नये."

"कुणाला वळखू येऊ नये?"

"कुणालाच. नवरदेवाकडचे सगळे गोरे हायेत."

सत्यशीलानं अर्धा अर्धा चेहरा केला, आरसा दिला आणि सगुणाबाईला चहाच्या निमित्तानं बाहेर नेलं. परत आल्या तेव्हा शालू आरसा मांडीवर ठेवून बसली होती.

"ही बाजू," तिनं बोट लावलं. तिच्या स्वतःच्या रंगाची.

सगुणाबाईला वाटलं, ऐनवेळी सांगून बदलून घेऊ. लग्नाच्या दिवशी जाफराबादच्या मंगल कार्यालयात, नवरीच्या खोलीत, सत्यशीलाचं काम संपत आलं होतं. नवरीच्या अंगावर दाट वांगी रंगाची साडी, कपाळावर मुंडावळ्या, ओठ गडद लाल. तिचा चेहरा तेल लावलेल्या काळ्या दगडी मूर्तीसारखा झळकत होता. तेवढ्यात नवरदेवाची आत्या डोकावली आणि म्हणाली, "आजून मेकअपला सुरुवात न्हाई का झाली? मुहूर्त जवळ आलाय, जल्दी करा."

दार लागल्याबरोबर सगुणाबाईचा धीर सुटला. "ताई, लावा थोडं पांढरं. पाया पडते तुमच्या. माझ्या लेकीचं हासू व्हईल."

सत्यशीलाचा हात थांबला. बाहेर बँड वाजत होता. पांढऱ्या बेसची डबी जवळच होती, पाच मिनिटांचं काम. तिनं शालूसमोर खाली बसून विचारलं, "बाई, चेहरा तुझा हाय. तू सांग. लाव म्हनलीस तर लावते, मनात काई ठेवनार न्हाई."

शालूनं आईकडे बघितलं. सगुणाबाई रडत होती. शालूचेही डोळे भरले, पण तिनं मान हलवली. "न्हाई ताई. आत्ता पांढरी होऊन गेले, तर उद्या सकाळी तोंड धुवायला भेव वाटंल मला."

सत्यशीलानं तिचे डोळे कापसानं टिपले, पदर नीट केला. मंग ती मंडपात गेली आणि फोटोवाल्याला गाठलं. त्यानं दोन मोठे दिवे थेट नवरीच्या जागेवर रोखले होते. "भाऊ, हे दिवे बाजूला घ्या, जरा तिरपे. एवढ्या उजेडात पोरीच्या तोंडावरचं काई राहनार न्हाई." फोटोवाला कुरकुरला, पण घेतले.

शालू मंडपात आली. बायकांत कुजबुज झाली, नाही असं नाही. आत्यानं तोंड वाकडं केलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरदेव भागवतनं शालूकडे बघितलं आणि शेजारी उभ्या बहिणीला हळूच म्हणाला, "बिलकुल फोटोतल्यावानीच हाय की." त्याच्या बोलण्यात सुटका होती. बहुतेक त्यालाही कुणीतरी भीती घातली होती की लग्नात नवरी वेगळीच दिसते म्हणून.

सगुणाबाई त्या दिवशी सत्यशीलाशी एक शब्द बोलली नाही. जेवायला बसा असंही म्हणाली नाही. त्यांच्या भावकीतल्या दोन लग्नांची कामं ठरली होती, ती पुढच्या आठवड्यात फोनवरून रद्द झाली. सत्यशीलानं गोरक्षनाथला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "गेली तर गेली. तू बराबर केलं ना?"

"केलं बराबर. पण ती माय रडून राह्यली होती, ते डोळ्यापुढून जात न्हाई."

काही महिने तसेच गेले. शालूचा फोटो तिच्या मैत्रिणींत फिरला असावा, कारण सिल्लोडकडून, अंबडकडून अनोळखी पोरी फोन करून विचारायला लागल्या, "काळ्या नवरीला काळीच ठेवतात त्या ताई तुमीच का?" सत्यशीला म्हणायची, "व्हय, मीच."

मंग दिवाळीनंतर एका सकाळी पार्लरच्या दारात सगुणाबाई उभी. एकटी. चप्पल काढू की नको अशी घुटमळत.

"या ना, मावशी," सत्यशीलानं खुर्ची पुढे केली. "शालू बरी हाय ना?"

"बरी हाय. दवाखान्यात लागली जालन्याला. दोघं मिळून राहतेत." सगुणाबाई बसली. बराच वेळ समोरच्या आरशाकडे बघायचं टाळत राहिली. मंग म्हणाली, "धाकट्या पोराचा साखरपुडा हाय उद्या. फोटो निघतील."

"मंग कुणाचा मेकअप करायचा? सूनबाईचा का?"

"न्हाई." तिनं पदर दोन्ही हातांनी धरला. "माझा. माझ्या लग्नात माझ्या मायनं मला खडूची भुकटी लावली होती. चाळीस वर्षं झाली. तो फोटो मी कुणाला दाखवत न्हाई. त्यात मी हायेच न्हाई." मंग फळीवरच्या डब्यांकडे बोट दाखवत, "उद्या भाईरगावी जायचंय. आज शिकवून देता का? शालूसारखं. माझ्या हातानं करीन."

सत्यशीलानं दार लोटून घेतलं. डब्या उघडल्या. एकेक करून सगुणाबाईच्या मनगटावर लावून खिडकीच्या उजेडात बघितलं. दोन जमल्या नाहीत, तिसरी जमली. तिची झाक तांबूस होती, शालूपेक्षा वेगळी.

"मावशी, आरशाकडं पाहा आता. न्हाई पाह्यलं तर शिकाल कशा?"

सगुणाबाईनं मान वर केली. पहिल्यांदा बोटावर जास्त बेस आला आणि गालावर एक डाग पडला. सत्यशीलानं तो पुसला नाही, बोटानं कसा पसरायचा ते दाखवलं. दुसऱ्या गालाला सगुणाबाईनं स्वतःच केलं, सावकाश, चूल सारवल्यासारखं एका दिशेनं. तासभर गेला. मधे दोघींनी चहा घेतला, शालूच्या घरभाड्याचं, धाकट्याच्या नोकरीचं बोलणं झालं.

निघताना सगुणाबाईनं डबी रुमालात बांधून कमरेला खोचली. बसस्टँडवर जाफराबादची गाडी लागली होती. सत्यशीला तिला सोडायला गाडीपर्यंत गेली. ओळखीची एक बाई खिडकीतून ओरडली, "आगं सगुणे, आज काय केलं गं? चांगली दिसून राह्यली!"

"काई न्हाई केलं," सगुणाबाई पायरी चढता चढता म्हणाली, आणि खिडकीजवळची जागा बघून बसली.